चिंतेचें ओझें कोणाचें?

मृग तोंडावर आला आहे. बियाणें घ्यावयाचें आहे, आणि मागल्या सालचें कर्ज अजून फिटलेलें नाहीं. घरांतील सर्व माणसें निजलीं आहेत. एकटा घरधनी तेवढा उघड्या डोळ्यांनीं आढ्याकडे पाहत पडला आहे. सकाळीं उठतो तों डोकें जड, तोंड कडू, आणि छातीवर कोणी दगड ठेविल्यासारखें वाटतें. पुढें भाकर आली तरी घास गिळवत नाहीं. असा मनुष्य ज्यांत नाहीं असें गांव क्वचितच सांपडेल. आमच्या कित्येक वाचकांस तर तो शोधावयास दूर जावें लागणार नाहीं, कारण तो त्यांच्याच घरांत आहे.

अशा मनुष्यास भेटावयास शेजारी येतात. ते मनाचे चांगले असतात. ते म्हणतात, "दादा, काळजी करूं नका. काळजी केल्यानें कां कर्ज फिटतें? पुरुषासारखे पुरुष तुम्ही, धीर धरा." एखादा अधिक भाविक असला तर म्हणतो, "तुमचा विश्वास कमी पडतो." ऐकणारा मान हालवितो, पाहुणे उठून जातात, आणि ज्यास पूर्वीं एकच दुःख होतें त्यास आतां दोन होतात. पहिलें कर्जाचें, आणि दुसरें हें कीं, आपणांस काळजी वाटते त्या अर्थीं आपण दुबळे व दोषी आहों.

तेव्हां आज आम्ही वाचकांपुढें जो प्रश्न मांडीत आहों तो हा: चिंतेनें खंगणें हा त्या मनुष्याचा दोष काय? आणि दोष नसेल, तर तें ओझें कोणाचें? याचें उत्तर देण्यापूर्वीं शरीरांत काय घडतें तें पाहिलें पाहिजे. ज्याचा न्याय करावयाचा त्याची हकीकत आधीं ऐकून घ्यावी, हा न्यायाचा पहिला नियम आहे. आणि चिंताग्रस्त मनुष्याची हकीकत त्याच्या तोंडापेक्षां त्याचें शरीरच अधिक स्पष्टपणें सांगतें.

बांधावरून चालतांना एकाएकीं पायाशीं साप दिसला, तर काय होतें? "हा साप आहे, येथून सरावें" असा विचार मनांत पुरता येण्यापूर्वींच पाय मागें गेलेला असतो. छाती धडधडूं लागते, तोंडास कोरड पडते, अंगावर कांटा उभा राहतो, तळहातांस घाम सुटतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथि आहे. ती त्या क्षणीं अ‍ॅड्रेनलिन नांवाचा रस रक्तांत सोडते. त्यामुळें हृदय जोरानें चालूं लागतें, यकृतांत सांठविलेली साखर रक्तांत उतरते, आणि हातापायांच्या स्नायूंस अधिक रक्त मिळतें. जें काम त्या घटकेस निकडीचें नाहीं तें मात्र शरीर थांबवितें. अन्न पचविणें हें त्यांतलेंच एक.

ही गोष्ट अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांच्या प्रथम ध्यानांत आली, ती मांजरांमुळें. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर लवकरच कॅनन हे त्या किरणांच्या साहाय्यानें मांजरांच्या पोटांतील अन्नाची हालचाल पाहूं लागले. मांजर स्वस्थ असे तोंवर जठर आपलें काम संथपणें करी. परंतु तें भ्यालें किंवा चिडलें कीं जठराची हालचाल तत्काळ बंद पडे. पुढें १९१५ सालीं त्यांनीं दुःख, भूक, भय आणि क्रोध यांनीं शरीरांत होणाऱ्या फेरफारांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. आपल्या घरधन्यास घास कां गिळवत नाहीं, याचें उत्तर त्या मांजरांनीं दिलेलें आहे. तो नखरे करीत नाहीं, आणि अन्नाचा अपमानही करीत नाहीं. त्याच्या शरीरानें शत्रु आला असें समजून चूल विझविली आहे.

येथवर जें सांगितलें त्यांत दोष कोठें आहे? उलट ही योजना नसती तर मनुष्यजात सापांच्या व वाघांच्या तावडींतून वांचलीच नसती. अडचण एवढीच कीं, साप घटकाभरांत निघून जातो आणि सावकाराचा हप्ता जात नाहीं. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ रॉबर्ट सॅपोल्स्की यांनीं १९९४ सालीं लिहिलेल्या एका पुस्तकांत आफ्रिकेंतील झेब्र्याचें उदाहरण घेतलें आहे. सिंह मागें लागला म्हणजे झेब्रा जिवाच्या आकांतानें पळतो. वांचला, तर थोड्या वेळानें पुन्हां चरूं लागतो. मनुष्य मात्र न आलेल्या सिंहासाठींही रात्रभर पळत असतो, आणि तेंही अंथरुणावर पडल्या पडल्या. पळण्यासाठीं जमविलेली साखर व वाढलेला रक्ताचा जोर यांस वाट मिळत नाहीं. बैल जुंपून गाडी दिवसेंदिवस उभीच ठेविली, तर बैलही थकतात आणि गाडीही जाग्यावरच राहते; तसेंच हें आहे.

दीर्घकाळ चालणाऱ्या अशा ताणाचें वर्णन १९३६ सालीं कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं काम करणारे हान्स सेली यांनीं केलें. त्यांनीं उंदरांना निरनिराळ्या प्रकारचा त्रास देऊन पाहिला: कोणास थंडी, कोणास जखम, कोणास अतिश्रम, कोणास विषारी औषध. कारणें वेगळालीं, परंतु परिणाम बहुतेक सारखेच दिसले. मूत्रपिंडांवरील ग्रंथी सुजल्या, रोगाशीं झुंजणाऱ्या ग्रंथी सुकल्या, आणि पोटांत व्रण पडले. त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा दुसरा एक रस निघतो. निरोगी मनुष्यांत तो पहांटेस वाढतो व रात्रीं उतरतो. तोच आपणांस सकाळीं उठवून कामास लावतो. परंतु ताण महिनेच्या महिने चालला म्हणजे ही भरती-ओहोटी बिघडते. झोप उडते, रक्तदाब चढूं लागतो, मधुमेह्याची साखर आवरत नाहीं, आणि रोगाशीं झुंजण्याची शक्ति कमी होते.

हें केवळ उंदरांतच घडतें असें नव्हे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ३९४ निरोगी मनुष्यांच्या नाकांत त्यांच्या संमतीनें पडशाच्या विषाणूंचे थेंब घालण्यांत आले. ज्यांच्या जीवनांत ताण अधिक होता त्यांना पडसें अधिक प्रमाणांत झालें. १९९५ सालीं अमेरिकेंतील ओहायो येथें याहूनही मनास लागणारी गोष्ट दिसून आली. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया, आणि तसें ओझें नसलेल्या १३ स्त्रिया, अशा सर्वांच्या हातावर सारखीच लहानशी जखम करण्यांत आली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून येण्यास सुमारें ९ दिवस अधिक लागले. वाचकहो, या स्त्रियांचा दोष काय होता? त्यांनीं प्रेम केलें व सेवा केली. आणि त्या सेवेचें मोल त्यांच्या कातडीनें दिलें.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. चिंतेनें शरीर बिघडतें, एवढ्यावरून प्रत्येक दुखणें चिंतेचेंच होय असें समजूं नये. पुष्कळ वर्षें वैद्यकशास्त्रांत असें मानीत असत कीं, पोटांतील व्रण हा काळजी करणाऱ्यांचा व तापट माणसांचा रोग आहे. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं दाखवून दिलें कीं, बहुतेक व्रणांच्या मुळाशीं एक जंतु असतो व तो औषधानें मारतां येतो. या शोधाबद्दल त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तोंवर किती रोग्यांस "तुम्ही फार मनाला लावून घेतां" असें ऐकून परतावें लागलें असेल! म्हणून छातींत कळ येत असेल, वजन उतरत असेल, ताप हटत नसेल, तर "ही काळजी आहे" असें घरांतल्या घरांत ठरवूं नये, दवाखान्यांत दाखवावें. आणि वर्षांतून एकदां तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

आतां आणखी एक विचार. चिंता सर्वांसच असते. मग कोणी तीखालीं चिरडला जातो आणि कोणी तरून जातो, हें कां? याचें उत्तर आपण सहज देऊन टाकतों कीं, एकाचा स्वभाव खंबीर व दुसऱ्याचा भित्रा. इंग्लंडांत १९६७ सालीं लंडन येथील सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. पुष्कळांची समजूत अशी होती कीं, मोठ्या जबाबदारीचा साहेब हृदयविकारानें मरतो आणि शिपाई निश्चिंत असतो. निघालें तें उलट. सर्वांत खालच्या दर्जाचे नोकर हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण सर्वांत वरच्यांच्या मानानें सुमारें तिप्पट होतें. धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबांत धरल्या तरी त्या फरकाचा पुरता उलगडा होईना. १९८५ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यास आपल्या कामावर स्वतःचा कांहींच ताबा नाहीं, त्याच्या हृदयास धोका अधिक. म्हणजे नुसतें ओझें जड असल्यानें मनुष्य मोडतो असें नाहीं. ओझें कधीं उचलावें, कोठें टेकावें, हें ठरविण्याची सत्ता दुसऱ्याच्या हातीं असते तेव्हां तो अधिक मोडतो.

अशीच एक गोष्ट आपल्या देशांतील. तमिळनाडूंतील ४६४ ऊस-शेतकऱ्यांची बुद्धि व अवधान हीं ऊसतोडीपूर्वीं हात तंगीचा असतांना, आणि तोडीनंतर पैसा हातीं आल्यावर, अशीं दोनदां तपासण्यांत आलीं. तो अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकरी तेच, परंतु तंगीच्या दिवसांत त्यांस कमी सुचे. अभ्यास करणाऱ्यांनीं असें म्हटलें कीं, पैशाची विवंचना मनाची जागाच व्यापून टाकते. म्हणजे ज्या वेळीं मनुष्यास शांत विचाराची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच वेळीं तो त्यास पारखा होतो. अशा मनुष्यास "जरा विचार करून वाग" असें म्हणणें म्हणजे पाण्यांत बुडत असलेल्यास "जरा श्वास घे" असें म्हणण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणेल, "तर मग मनुष्याकडे कांहींच जबाबदारी राहिली नाहीं. सर्व दोष ग्रंथींचा, सावकाराचा व पावसाचा!" आमचें म्हणणें तसें नाहीं. चिंता दाराशीं येणें आपल्या हातीं नाहीं. तिला घरांत कोठें बसवावें हें कांहीं अंशीं आपल्या हातीं आहे. शरीर मनाचें ऐकतें तसें मनही शरीराचें ऐकतें, आणि म्हणून कांहीं साध्या गोष्टी खरोखर उपयोगीं पडतात. मनगटावरील नाडीवर बोट ठेवून पाहा: श्वास सोडतांना ती किंचित् मंद होते. म्हणून छाती धडधडूं लागली असतां श्वास जितका वेळ आंत घेतला त्याच्या दुप्पट वेळ हळूहळू सोडावा. असें पांच मिनिटें करावें. रोज अर्धा तास झपझप चालावें. जें शरीर पळण्यासाठीं सज्ज झालें आहे त्यास चालूं द्यावें. निजण्याची व उठण्याची वेळ एकच ठेवावी, आणि सायंकाळनंतर चहा घेऊं नये. दारूविषयीं तर अधिक बोलावयास नकोच. ती प्रथम डोळा लावते हें खरें, परंतु रात्रीच्या उत्तर भागीं तीच झोप मोडते. सकाळीं कर्ज होतें तेवढेंच राहतें आणि गुत्त्याची उधारी वर चढते.

आणखी एक गोष्ट: जी चिंता डोक्यांत फिरते ती कागदावर उतरवावी. कोणाचें किती देणें, केव्हां द्यावयाचें, कोणाशीं बोलल्यास मुदत मिळेल, हें ओळीनें लिहावें. लिहितां येत नसल्यास शाळेंतल्या मुलाकडून किंवा उपदेशकाकडून लिहवून घ्यावें. मग पावसाचा भरंवसा, बाजारभाव, इत्यादि ज्या गोष्टींस आपला इलाज नाहीं त्या एका बाजूस ठेवाव्या, आणि उरलेल्यांपैकीं एकच, सर्वांत लहान गोष्ट उद्यां करावयाची म्हणून निवडावी. थोडा कां होईना, स्वतःचा ताबा मनुष्याच्या हातीं परत येतो. आणि ताब्याची किंमत काय आहे तें लंडनच्या शिपायांनीं आपणांस सांगितलेंच आहे.

परंतु हें सर्व एकट्यानें करावें असें म्हणणें सोपें, आणि करणें फार कठीण. येथें आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशाची हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथील शोना भाषेंत अतिविचारानें खंगण्यास 'कुफुंगिसिसा' असें नांव आहे. त्या देशांत मनोविकारांचे डॉक्टर अगदीं मोजके. त्यांपैकीं डिक्सन चिबांडा यांनीं २००६ सालीं हरारे शहराच्या म्बारे नांवाच्या वस्तींत काम आरंभिलें. दवाखान्यांत जागा नव्हती आणि देण्यास परिचारिका नव्हत्या. मिळाल्या त्या १४ आज्या, वस्तींत आरोग्याचें काम करणाऱ्या. त्यांना शिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारांत लांकडी बांकांवर बसविण्यांत आलें. ज्यास दुःख असेल त्यानें येऊन शेजारीं बसावें. आजी आधीं सर्व ऐकून घेई. मग अनेक अडचणींपैकीं एक निवडण्यास सांगे, तिच्यावर काय करतां येईल तें त्याच्याच तोंडून काढी, आणि पुढल्या भेटींत काय झालें तें विचारी. २०१६ सालीं ५७३ रोग्यांवरून या कामाची रीतसर परीक्षा झाली. सहा महिन्यांनंतर नेहमींचे उपचार मिळालेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांत औदासीन्याचीं लक्षणें शिल्लक होतीं. बांकावर बसलेल्यांत तीं १०० मध्यें सुमारें १४ जणांत उरलीं होतीं.

हें दूरदेशचें म्हणून सोडूं नये. गोव्यांतील सरकारी आरोग्यकेंद्रांत डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या, समुपदेशकांनीं असेंच काम केलें व रोग्यांस गुण आला, हें २०१० सालीं प्रसिद्ध झालें आहे. आपल्या विदर्भांत, अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत, गांवांतल्याच कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन या विकाराविषयीं बोलण्यास आरंभ केला. पूर्वीं औदासीन्यानें पीडलेल्या १०० जणांपैकीं सुमारें ४ जणच मदत घेत. १८ महिन्यांनंतर सुमारें २७ जण घेऊं लागले. लोकांस मदत नको होती असें नाहीं. कोणी विचारीत नव्हतें.

म्हणून गांवच्या उपदेशकास व प्रत्येक शेजाऱ्यास आमचें सांगणें असें कीं, दुःखिताच्या घरीं उपदेश घेऊन जाऊं नका, कान घेऊन जा. "काळजी करूं नका" याऐवजीं "काय झालें तें सांगा" असें म्हणा, आणि मग गप्प बसा. ऐकलेलें पारावर सांगूं नका. एकदां विश्वास मोडला कीं तें दार पुन्हां उघडत नाहीं. आणि पुन्हां चार दिवसांनीं न बोलावतां जा.

मनुष्य जर "आतां जगून काय करूं" अशा गोष्टी बोलूं लागला, तर त्यास रागें भरूं नका, आणि हंसण्यावारीही नेऊं नका. "जीव देण्याचें मनांत येतें काय?" असें सरळ विचारा, विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं, उलट बोलण्यास वाट मिळते. त्यास एकटें सोडूं नका, फवारणीचें औषध घरांतून हालवा, आणि दवाखान्यांत न्या. १४४१६ या क्रमांकावर सरकारची विनामूल्य दूरध्वनि-सेवा २०२२ सालापासून अहोरात्र चालू आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें. कायद्यानेंही या बाबतींत आपली दृष्टि बदलली आहे. १८६० च्या दंडसंहितेंत जीव देण्याचा प्रयत्न हा अपराध ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचें ११५ वें कलम म्हणतें कीं, उलट सिद्ध न झाल्यास असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असेंच धरून चालावें, त्यास शिक्षा करूं नये, आणि त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य समजावें. जेथें पूर्वीं कायदा "दोष कोणता?" असें विचारी, तेथें आतां तो "ओझें कोणतें?" असें विचारतो. कायद्यास जें समजलें तें शेजाऱ्यास समजूं नये काय?

शेवटीं एक कठोर गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ऐकून घेतल्यानें मन हलकें होतें. कर्ज हलकें होत नाहीं. ज्यास साधतें त्यानें दुःखिताबरोबर सोसायटींत किंवा बँकेंत जावें, अर्ज लिहून द्यावा, दोन दिवस त्याच्या शेतांत औत चालवावें. आणि प्रत्येकानें आपणांस असें विचारावें कीं, कोणाच्या अंगावरचें ओझें आपणच तर ठेविलेलें नाहीं ना? जो शनिवारची मजुरी सोमवारवर ढकलतो, तो मजुराची झोप नेतो. जो चारचौघांत कर्जाचा उच्चार करून हिणवितो, जो सोयरिकींत ऐपतीपलीकडचा मान मागतो, जो सुनेस उठतां बसतां धाकांत ठेवितो, त्यास वाटतें कीं आपण फक्त शब्द बोललों किंवा पैसे अडकविले. वास्तविक त्यानें दुसऱ्याच्या हृदयावर व रक्तावर हात टाकलेला असतो. लाठीनें पडलेली जखम दिसते म्हणून तिची फिर्याद होते. या जखमेची होत नाहीं, एवढाच भेद.

असो. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचाच फरक, असें आपले वडील म्हणत आले आहेत. शरीरशास्त्रानें त्यांचें म्हणणें खरें ठरविलें. परंतु चितेकडे जातांना चार खांदे मिळतात; चिंतेखालीं असलेल्या मनुष्यास तो जिवंत असूनही एक खांदा मिळत नाहीं. आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस हेंच दिसतें. चिंतेनें खंगणें हा दोष नव्हे. तें शरीरानें प्रामाणिकपणें बजावलेलें, परंतु लांबलेलें काम आहे. तें आवरण्याचा कांहीं भाग ज्याचा त्यानें उचलावा. उरलेला भाग आपला आहे. तेव्हां आज सायंकाळीं, ज्याच्या घरांतील दिवा उशिरापर्यंत जळतो असें तुम्हांस ठाऊक आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन थोडा वेळ बसा.